मंडईंतली भाजी आणि मिशनचा चहा

एका बाजारांत विकत घेणें आणि एका ठिकाणीं बसून खाणें, या दोन गोष्टी आपल्या समाजांत बरोबरीनें आल्या नाहींत. पुण्याचाच दाखला घ्यावा. 1886 सालीं रे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, उघडली आणि निरनिराळ्या जातींचीं माणसें एकाच छपराखालीं भाजीचा भाव करूं लागलीं. माळ्याच्या हातचीं वांगीं ब्राह्मणाच्या घरीं गेलीं. धर्म बुडाला नाहीं. पुढें अवघ्या चार वर्षांनीं, 14 ऑक्टोबर 1890 रोजीं, पंचहौद मिशनमध्यें चहाचे पेले फिरले आणि शहरांत वादळ उठलें. गोपाळराव जोशांनीं उपस्थितांचीं नांवें प्रसिद्ध केलीं. त्यांत रानडे व टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. न्यायमूर्ति रानड्यांसारख्या पुरुषानेंहि अखेर 1892 मध्यें प्रायश्चित्त घेतलें.

कारण उघड आहे. कच्चा माल घरच्या चुलीवर शुद्ध होत असे. शिजलेलें अन्न मात्र शिजविणाऱ्याची जात बरोबर घेऊन येई. म्हणून उपाहारगृहांचा इतिहास हा पंक्तिभेद ओसरण्याचाहि इतिहास होय.

आज घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत आहे. शेजारच्या बिबवेवाडींतलें कुटुंब तेथून भाजी आणतें आणि सुटीच्या दिवशीं हॉटेलांत जेवतें. आचारी कोणत्या जातीचा, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. घरच्या पंगतीविषयीं असेंच म्हणतां येईल काय, हें मात्र ज्याचें त्यानें पाहावें.