सीए-१२५ : एका रक्तचाचणीची कुळकथा

अंडाशयाच्या कर्करोगाचा संशय आला की रक्तात तपासल्या जाणाऱ्या सीए-१२५ या घटकाचा क्रमांक रोगाच्या मोजमापातून नव्हे, तर प्रयोगशाळेतील गणतीतून आला आहे. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींचा अमर कर्कपेशींशी संकर करून एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळवण्याची रीत १९७५ साली केंब्रिज येथे क्योहलर आणि मिलस्टीन यांनी सिद्ध केली होती. तिच्याच आधारे बोस्टनमध्ये रॉबर्ट बास्ट, रॉबर्ट नॅप व सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्कपेशी उंदरांना टोचून असे संकरित पेशीवंश तयार केले, आणि त्यांतील एकशे पंचविसाव्या आशादायक वंशाच्या प्रतिपिंडाचे वर्णन १९८१ साली प्रसिद्ध झाले. हे प्रतिपिंड ज्या प्रथिनाला चिकटते ते म्हणजे सीए-१२५.

१९८३ साली याच गटाने रक्तातील प्रमाण मोजले, तेव्हा ८८८ निरोगी व्यक्तींपैकी केवळ १ टक्का, तर १०१ रुग्णांपैकी ८२ टक्के जणींमध्ये ते मिलिलिटरमागे ३५ युनिटांच्या वर आढळले. आजही अहवालावर छापली जाणारी मर्यादा तीच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ४५ पैकी ४२ प्रसंगी रोगाच्या चढउताराबरोबर आकडाही चढला वा उतरला. चाचणीचे खरे बळ येथे, उपचारांच्या पाठपुराव्यात आहे; निदानाचे ओझे तिच्यावर नंतर लादले गेले, असे म्हणणे वावगे ठरू नये. लक्षणे नसलेल्या स्त्रियांवर ती वापरून मृत्यू कमी होतात का, हे पाहणाऱ्या ब्रिटनमधील दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीतून २०२१ साली नकारार्थी उत्तर मिळाले. मराठवाड्यात त्याआधीच, तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू एकाच एचपीव्ही तपासणीने जवळपास निम्मे झाल्याचे २००९ साली दिसले होते. परंतु तेथे कर्करोगपूर्व अवस्था सापडते व तिच्यावर उपचारही होतो, तर अंडाशय ओटीपोटात खोल दडलेले असते आणि पहिल्या टप्प्यातील सुमारे निम्म्या रुग्णांत सीए-१२५ वाढलेलेच नसते.

उलट दिशेची फसगतही तितकीच खरी आहे. हे प्रथिन पोटाच्या व छातीच्या आतील अस्तरांतही तयार होत असल्याने पाळी, गर्भारपण, एंडोमेट्रिओसिस आणि पोटाचा क्षयरोग यांतही त्याचे प्रमाण वाढते. एंडोमेट्रिओसिसमध्ये सहसा न वाढणारे एचई-४ हे दुसरे प्रथिन म्हणूनच जोडीला घेतले जाऊ लागले. परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावातून पोट फुगल्याची, वजन घटल्याची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीच्या पोटात पाणी आणि अहवालात शेकड्यांतला आकडा असला, तरी तो क्षयरोगही असू शकतो, आणि तो औषधांनी बरा होतो. त्यामुळे अशा वेळी पोटातील पाण्याची तपासणी आणि, शक्य असेल तेथे, दुर्बिणीद्वारे काढलेल्या तुकड्याची परीक्षा झाल्यावाचून मोठ्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे उचित नव्हे.