आवाजाची वर्गणी

परभणी जिल्ह्यात मराठीचे अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्यांना देणगी हा विषय नवा नाही. मराठवाड्यातील बहुतेक महाविद्यालये लोकांच्या मदतीवर उभी राहिली. विद्यापीठ १९५८ साली आले. त्याच्या आधीच, १९५० मध्ये, स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू केले होते. आजही कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारातून ग्रंथालयापर्यंत चालत गेले, तर वाटेत चार-पाच संगमरवरी पाट्या वाचून होतात. मात्र गेल्या वर्षी एका निमित्ताने या पाट्यांकडे आम्हांस वेगळ्या दृष्टीने पाहावे लागले.

आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा रेडिओ इंटरनेटवरून ऐकू येत असे. तो बंद पडला. कोणी बंदी घातली नव्हती, यंत्रही जळाले नव्हते. सर्व्हरचे वार्षिक भाडे भरावयाचे राहून गेले होते, इतकेच. प्रक्षेपण पुन्हा सुरू करण्यासाठी निधी जमवावा असे ठरले. पहिल्याच भेटीत एका जुन्या देणगीदारांनी सरळ विचारले, “सर, पण नाव कुठं लागंल?” आम्ही हसलो. नंतर लक्षात आले, की नभोवाणीचा अर्थव्यवहार ज्या एका गाठीपाशी वारंवार अडला आहे, तिलाच त्यांनी हात घातला होता. वास्तू एकदा बांधली की उभी राहते. आवाज मात्र रोज नव्याने उभा करावा लागतो. मग त्याचा खर्च कोणी आणि कशासाठी द्यावा?

हा प्रश्न आपल्याकडे पहिल्याच प्रयोगात निर्माण झाला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा होता. रेडिओसंच बाळगणाऱ्याने वर्षाला १० रुपये परवाना शुल्क द्यावयाचे, आणि त्यातील मोठा वाटा कंपनीला मिळावयाचा, अशी योजना होती. परंतु परवानाधारकांची संख्या आठ हजारांच्या आतच राहिली आणि १९३० च्या मार्चमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. एप्रिलमध्ये सरकारने केंद्रे आपल्या हाती घेतली. १९३६ साली या सेवेचे नामकरण ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे झाले. श्रोत्यांच्या पैशावर चालू पाहणारा आवाज तीन वर्षांच्या आत सरकारी तिजोरीवर विसंबला, हे येथे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

परभणी त्या वेळी ब्रिटिश मुलखात नव्हती, निझामाच्या राज्यात होती. त्या राज्याचा रेडिओही दरबाराचा होता. हैदराबाद आणि औरंगाबाद येथील त्याची केंद्रे १९५० साली आकाशवाणीत विलीन झाली. पुढे परभणीलाच आकाशवाणीचे केंद्र आले. १३०५ किलोहर्ट्झवरील त्या केंद्राने आमच्या पिढीचे कान घडवले. शेतीविषयक सल्ला, भजने, श्रुतिका, आणि विशेष म्हणजे आपल्या आसपासच्या माणसांची बोली ‘हवेतून’ ऐकण्याचा विस्मय, हे सारे आम्हांस त्याने दिले. १९९९ साली हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला. पण ती सीमारेषा लहरींना ठाऊक नव्हती. या ऋणाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तरीही हा आवाज आपल्याला दिलेला होता, आपण चालवलेला नव्हता. त्याचा खर्च दिल्लीहून येई आणि काय बोलावे याची चौकटही तिथूनच येई.

ही चौकट सैल होण्याचे निमित्त क्रिकेटचे झाले. सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादातून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्यानंतर २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना लहान केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातील पहिले परिसर-केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आली. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडले. म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ ही त्याच वाटेवरची.

मात्र लहरी लोकांच्या झाल्या, तरी त्यांच्या खर्चाची सोय झाली नाही. २००६ च्या धोरणानुसार प्रक्षेपणाची शक्ती १०० वॅटपुरती आणि जाहिराती तासाला ५ मिनिटांपुरत्या सीमित होत्या. ही जाहिरातमर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत २०२४ साली १२ मिनिटांवर आली. परंतु दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात जाहिरातदार तरी किती असणार? बाजारावर जगण्याइतके हे केंद्र मोठे नसते आणि सरकारने पोसावे असे ते सरकारचेही नसते.

इंटरनेट ही यातून निघालेली पळवाट वाटली. लहरींचा परवाना नको, मनोरा नको. चॅपेल हिल येथील उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या ‘डब्ल्यूएक्सवायसी’ या विद्यार्थी-केंद्राने ७ नोव्हेंबर १९९४ रोजीच आपले प्रक्षेपण इंटरनेटवर नेले होते. ऑनलाइन रेडिओच्या आरंभीच एक विद्यार्थी-केंद्र उभे आहे, ही गोष्ट आम्हा शिक्षकांस सुखावणारी आहे. परंतु या वाटेचे गणित उलटे आहे. मनोऱ्यावरून बोलताना दहा माणसांनी ऐकले काय किंवा दहा हजारांनी, वीज तेवढीच लागते. ऑनलाइन प्रक्षेपणात प्रत्येक श्रोत्याकडे स्वतंत्र धार सोडावी लागते. सेकंदाला ६४ किलोबिट या साध्या दर्जाचा आवाज घेतला, तर एका श्रोत्यामागे तासाला सुमारे २९ मेगाबाइट खर्ची पडतात. शंभर श्रोते आले की २.९ गिगाबाइट. म्हणजे जितके लोक आपल्याला ऐकतील, तितका भार वाढतो. त्यात गाण्यांच्या हक्कांची भर पडते. अमेरिकेत २००२ साली प्रत्येक गाण्यामागे, प्रत्येक श्रोत्यागणिक आकारणी ठरली, तीही १९९८ पासूनच्या थकबाकीसह. तेव्हा कित्येक महाविद्यालयीन केंद्रांनी आपली ऑनलाइन प्रक्षेपणे बंद केली. त्या वर्षाच्या अखेरीस तडजोडीचा कायदा करावा लागला.

मग मार्ग काय? एक जुना दाखला येथे उपयोगी पडावा. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे लुइस हिल यांनी १५ एप्रिल १९४९ रोजी ‘केपीएफए’ हे केंद्र सुरू केले. जाहिरात नाही, सरकारी पैसा नाही. श्रोत्यांनी ऐच्छिक वर्गणी द्यावी, एवढीच अपेक्षा. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५० मध्ये, पैसे संपले आणि केंद्र मुके झाले. महिन्यांमागून महिने हवेत काहीच नव्हते. त्या मौनाच्या काळात श्रोत्यांनी निधी उभारला आणि मे १९५१ मध्ये केंद्र पुन्हा बोलू लागले. मुंबईच्या कंपनीनेही श्रोत्यांकडूनच पैसे घेतले होते. पण संच बाळगण्याचे शुल्क देणारा श्रोता आणि हा आवाज आपला आहे म्हणून वर्गणी देणारा श्रोता यांत मोठे अंतर आहे. पहिला ग्राहक असतो, दुसरा भागीदार.

भागीदारीची ही रीत आपल्याला बर्कलीहून आणावयाची गरज नाही. आमच्या खेड्यांत अखंड हरिनाम सप्ताह होतो. घरोघर वर्गणी फिरते; कोणी रोख देते, कोणी ज्वारी-गव्हाचे पायलीभर दान घालते. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही, पहारे लागतात, काल्याचे कीर्तन होते आणि मांडव उतरतो. मागे कोणतीही वास्तू उरत नाही, पाटी तर नाहीच. तरीही पुढच्या वर्षी त्याच घरांतून तीच वर्गणी निघते. नाशवंत आणि केवळ ऐकण्याच्या गोष्टीसाठी दरसाल देण्याची ही वहिवाट आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. संत जनाबाईंचे गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे, तेथे हे वेगळे सांगावयास नको. आपली चूक अशी, की महाविद्यालयाच्या रेडिओसाठी आपण सभागृहाचे पावतीपुस्तक घेऊन निघतो. काढावयास हवे ते सप्ताहाचे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. एका मोठ्या देणगीदाराचा शोध थांबवावा. दरवर्षी थोडेथोडे देणारे माजी विद्यार्थी शोधावेत. पुण्यात, मुंबईत नोकरीसाठी गेलेल्या या मुलांसाठीच तर ऑनलाइन प्रक्षेपण आहे. जमाखर्च दरवर्षी वाचून दाखवावा. बाजारातील गाण्यांवर विसंबू नये. आपल्या परिसरातील ओव्या, कहाण्या, कथाकथने गाणाऱ्या-सांगणाऱ्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावीत. आणि प्रक्षेपण झाले की मुद्रण जपून ठेवावे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने जमवल्या गेलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या आज वाचता आणि काही प्रमाणात ऐकता येतात, त्या कोणीतरी वर्षानुवर्षे सांभाळल्या म्हणून. बंद पडलेल्या प्रक्षेपणासोबत आमच्या विद्यार्थ्यांनी जमवलेले काही आवाजही गेले. त्यांतील एक-दोन आजीबाई आता हयात नाहीत. भाडे भरता येईल, तो आवाज पुन्हा मुद्रित करता येणार नाही.

त्या देणगीदारांना आम्ही शेवटी उत्तर दिले, ते येथेही नोंदवतो. नाव कुठेच लागणार नाही. सप्ताहात तरी कुठे लागते? त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “दरसाल किती द्यायचं?” आमच्या मते निधिसंकलनाची खरी सुरुवात या प्रश्नापासून होते.