सर्च 0.3 सेकंदांत झाला, मग आपण दोन सेकंद कुणाची वाट बघत होतो?

गुगलवर काही शोधलं की वर एक ओळ दिसायची, आठवतंय? इतके लाख निकाल, 0.3 सेकंदांत. आणि आपण मात्र फिरणाऱ्या चक्राकडे बघत दोन सेकंद बसलेलो. मग गुगल खोटं बोलत होतं का? नाही. घड्याळं दोन होती. तो आकडा सर्व्हरच्या कामाचा. रस्त्यात गेलेला वेळ त्यात धरलेलाच नाही. वडापाव दोन मिनिटांत तयार, पण आणणारा ट्रॅफिकमध्ये अडकलाय, तसंच हे.

हा रस्ता मोजायचं सगळ्यात प्रसिद्ध साधन आलं डिसेंबर 1983 मध्ये. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस काम करायचा. नेटवर्क विचित्र वागत होतं, म्हणून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाकीट पाठवायचं, समोरच्या मशीनने ते तसंच परत करायचं, आणि जाऊन-येऊन किती वेळ लागला ते बघायचं. सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं, पिंग. समोरच्याला काम जवळपास शून्य, म्हणजे मोजला जातो तो फक्त रस्ता.

आता हिशोब करू. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. एक फेरी झाली 125 मिलिसेकंदांची. केबल सरळ नसते, त्यामुळे खरा वेळ जास्तच. शिवाय फेरी एकच नसते. आधी कनेक्शन जोडायला एक, मग सुरक्षित कुलूप लावायला जुन्या टीएलएस 1.2 मध्ये दोन, आणि चौथी तुमच्या प्रश्नाची. झाला की अर्धा सेकंद! सर्व्हरने शून्य वेळ घेतला तरी. 2018 च्या टीएलएस 1.3 ने त्यातली एक फेरी वाचवली. पण प्रकाशाचा वेग कोण वाढवणार? म्हणून मग कंपन्यांनी सर्व्हरच लोकांच्या जवळ आणले.

एवढ्याशा वेळाने काय बिघडतं? 2009 मध्ये गुगलने आपल्या प्रयोगाचे आकडे दिले. काही लोकांचे निकाल मुद्दाम 100 ते 400 मिलिसेकंद उशिरा दाखवले. त्यांचे सर्च 0.2 ते 0.6 टक्क्यांनी घटले. उशीर काढून टाकल्यावरही जुनी सवय लगेच परतली नाही.

मला यातून एवढंच दिसतं, की सर्व्हरपासून लांब राहणारा माणूस नुसता जास्त थांबत नाही, तो कदाचित प्रश्नच कमी विचारतो. म्हणून पुढच्या वेळी कुणी वेगाचा आकडा सांगितला, की एकच विचारा: हे घड्याळ कुणाचं, त्यांचं की माझं?