खेळाडू बोलतो तेव्हा: १९२० च्या जिमखान्यापासून २०१९ च्या लोकपालांपर्यंत

१/
जानेवारी २०१९. भारतीय क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियात होता आणि संघातील हार्दिक पांड्या व के. एल. राहुल या दोघांना दौरा अर्धवट सोडून मायदेशी परतावे लागले. कारण मैदानावरचे नव्हते. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात, विशेषतः पांड्या यांनी, स्त्रियांविषयी केलेली विधाने त्यांना भोवली होती. खेळाडूचे जाहीर बोलणे आणि क्रीडासंस्थेचा अंकुश यांचा झगडा मात्र याहून बराच जुना आहे. त्याचे एक मोलाचे प्रकरण मुंबईतच, १९२० साली घडले. आजचा धागा तेथून सुरू करू.

२/
तेव्हा बीसीसीआय अस्तित्वात नव्हती. मुंबईतले सर्वांत प्रतिष्ठेचे क्रिकेट म्हणजे चौरंगी सामने: युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ. हिंदू संघाची निवड हिंदू जिमखान्याच्या धुरीणांच्या हाती असे. खेळाडूंशी लेखी करार नसे. निवड समितीचा शब्द हाच नियम, आणि तो बंद खोलीत ठरे.

३/
या संघाचा आधारस्तंभ होते पालवणकर बाळू. जन्म १८७६, चर्मकार समाजातले कुटुंब. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत ते डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून घडले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले.

४/
तरीही मैदानावरचा सहकारी मैदानाबाहेर अस्पृश्यच राहिला. पुण्यातील सुरुवातीच्या काळात त्यांना चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. पुढे यात काही सुधारणा झाली, परंतु एक दार बंदच होते. अनुभव, कामगिरी आणि क्रिकेटची जाण हे सारे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंच्या वाट्याला आले नाही.

५/
१९२० साली हा प्रश्न उघड्यावर आला. नियोजित कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. त्यांच्या जागी पुण्याचे दि. ब. देवधर यांची नेमणूक झाली आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. देवधर उत्तम फलंदाज होते, यात शंका नाही. बाळूंचे वयही चाळिशीपलीकडे गेले होते. पण त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे संघातील अग्रगण्य फलंदाज होते, अनुभवी होते. त्यांचा विचार का झाला नाही, याचे क्रिकेटच्या भाषेत उत्तर देणे निवडकर्त्यांना कठीण होते.

६/
तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी दोन गोष्टी केल्या. एक, संघातून माघार घेतली. दोन, आपण माघार का घेत आहोत हे जाहीर निवेदनाद्वारे लोकांपुढे मांडले. कर्णधार निवडताना गुणांऐवजी जात पाहिली गेली, हा त्या निवेदनाचा आशय होता. आजच्या भाषेत सांगायचे तर दोन खेळाडूंनी आपल्या निवड समितीवर वृत्तपत्रांतून पक्षपाताचा आरोप केला. आज कोणत्याही करारातील शिस्तीच्या कलमाखाली हे वक्तव्य सहज बसले असते.

७/
काळही लक्षात घ्यावा. त्याच वर्षी ३१ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ सुरू झाले. मार्चमध्ये शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगाव परिषद झाली. डिसेंबरमध्ये नागपूरला काँग्रेसने असहकाराचा ठराव केला आणि त्यात अस्पृश्यता निवारणाचाही उच्चार होता. ज्यांना आजवर बोलू दिले नव्हते ते बोलू लागले होते. पालवणकर बंधूंचे निवेदन या प्रवाहातले होते.

८/
जिमखान्याने काय केले? शिक्षा करण्याजोगे त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. जो स्वतःहून बाहेर पडला त्याला बाहेर काढता येत नाही. करार नव्हता, म्हणून दंड नव्हता. उलट लोकमत जागे झाले होते आणि संघ दुबळा झाला होता. अखेर तडजोड झाली. पुढच्या सामन्यासाठी पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि बंधूही संघात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली.

९/
पूर्ण न्याय आणखी तीन वर्षांनी मिळाला. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले. क्रीडा इतिहासात रस असलेल्यांनी हे नाव टिपून ठेवावे.

१०/
या प्रकरणातून एक सूत्र हाती येते. करार नसताना संस्थेचे शस्त्र होते वगळणे आणि खेळाडूचे शस्त्र होते न खेळणे. दोन्ही बाजूंना काहीतरी गमवावे लागे, म्हणून बोलणी होत. करार आल्यावर हा तोल बदलला. खेळाडूला मानधनाची निश्चिती मिळाली, आणि त्याच्या मौनालाही किंमत लागली. पुढची शंभर वर्षे या सूत्राच्या आधारे वाचता येतात.

११/
१९२८ साली बीसीसीआयची स्थापना झाली. कालांतराने दौऱ्यापुरते आणि मालिकेपुरते करार होऊ लागले. श्रेणीनिहाय वार्षिक करार २००४ मध्ये आले. अशा करारांत माध्यमांशी बोलणे, लिहिणे आणि मंडळाच्या प्रतिमेला बाधा आणणारे वर्तन यांवर बंधने असतात. अडचण ‘बाधा’ या शब्दात आहे. तिचा अर्थ कोणी ठरवायचा? बराच काळ याचे उत्तर एकच होते: ज्याच्यावर टीका झाली त्यानेच.

१२/
१९७४ चे उदाहरण घ्या. अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखालील इंग्लंड दौरा सर्वार्थाने फसला. लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला आणि मालिका ३-० अशी गेली. त्या दौऱ्यात बिशनसिंग बेदी यांनी दूरचित्रवाणीला मुलाखत दिली. मंडळाने त्याचा राग धरला आणि वेस्ट इंडीजविरुद्धच्या बंगळूर कसोटीतून बेदींना बाहेर ठेवले. भारत ती कसोटी २६७ धावांनी हरला. पुढच्या, दिल्लीच्या कसोटीत बेदी परतले. शिस्त एका सामन्यात संपली. तिची झळ संघालाही बसली.

१३/
आता पुन्हा मुंबईकडे वळू. १९८७ च्या विश्वचषकानंतर दिलीप वेंगसरकर भारताचे कर्णधार झाले. वेस्ट इंडीजविरुद्धच्या पहिल्याच मालिकेत त्यांनी दोन शतके ठोकली. कोलकात्यात हाताला दुखापत झाल्याने शेवटच्या कसोटीत रवी शास्त्रींनी नेतृत्व केले. मालिकेच्या काळात वेंगसरकरांनी वृत्तपत्रांत स्तंभलेखन केले होते आणि ते कराराच्या विरुद्ध होते. मंडळाने त्यांच्यावर सहा महिन्यांची बंदी घातली.

१४/
येथे मंडळाची बाजूही समजून घ्यावी. मालिका सुरू असताना कर्णधारच डावपेच, निवड आणि पंच यांवर लिहू लागला, तर ड्रेसिंग रूममधला विश्वास टिकणे अवघड. नियम अगदी निराधार नव्हता. प्रश्न मात्रेचा होता. लेखासाठी कर्णधाराला सहा महिने खेळापासून दूर ठेवणे हे अपराधाच्या मानाने मोठे होते. १९८८ च्या शारजा स्पर्धेत शास्त्रींनी नेतृत्व केले. बंदी संपल्यावर त्याच वर्षीच्या आशिया चषकात वेंगसरकर पुन्हा कर्णधार होते आणि भारताने तो चषक जिंकला. शिक्षेने नेमके काय साधले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१५/
त्याच १९८८ साली मोहिंदर अमरनाथ यांनी, संघातून वगळल्यावर, निवड समितीला ‘जोकरांचे टोळके’ म्हटले. हे वाक्य आजही क्रिकेटप्रेमींच्या ओठांवर आहे. १९८९ मध्ये ते एकदिवसीय सामने खेळले, पण कसोटी संघात त्यांना पुन्हा स्थान मिळाले नाही. लेखी आदेश काढून केलेली शिक्षा दिसते आणि तिच्याविरुद्ध दादही मागता येते. निवडीच्या यादीत नाव न येणे ही शिक्षा आहे की क्रिकेटचा निर्णय, हे कधीच सिद्ध करता येत नाही.

१६/
पुढचे वळण वक्तव्याचे नाही, पण त्यावाचून ही कथा पुढे सरकत नाही. १९८९ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर काही खेळाडू परवानगीविना अमेरिकेत प्रदर्शनीय सामने खेळले. मंडळाने वेंगसरकर, कपिल देव, शास्त्री, अझरुद्दीन, किरण मोरे आणि अरुण लाल यांच्यावर एक वर्षाची बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मंडळाला बंदी मागे घ्यावी लागली. मंडळाच्या शिस्तीलाही बाहेरचा कोणी प्रश्न विचारू शकतो, हे त्या वर्षी सर्वांना कळले.

१७/
थोडे जगाकडे पाहू. १० फेब्रुवारी २००३ रोजी हरारे येथे विश्वचषकाच्या सामन्यात झिंबाब्वेचे अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडावर काळी फीत बांधून उतरले. आपल्या देशात लोकशाहीचा मृत्यू होत आहे, असे सांगणारे निवेदन त्यांनी पत्रकारांना दिले होते. ओलोंगा यांच्या क्लबने त्यांना काढून टाकले. त्या विश्वचषकानंतर दोघांचीही आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली आणि दोघेही देशाबाहेर स्थायिक झाले.

१८/
दुसरे टोक २०२१ चे. इंग्लंडचा ऑली रॉबिन्सन लॉर्ड्सवर कसोटी पदार्पण करत असतानाच त्याने २०१२-१३ च्या सुमारास, कोवळ्या वयात केलेले वर्णद्वेषी आणि स्त्रीद्वेष्टे ट्वीट उजेडात आले. त्याला निलंबित करण्यात आले. पुढे शिस्त आयोगाने आठ सामन्यांची बंदी ठोठावली. त्यातील पाच सामन्यांची बंदी स्थगित ठेवली. ओलोंगा आणि रॉबिन्सन या दोघांनाही ‘वादग्रस्त वक्तव्य’ हे एकच लेबल लावले, तर आपण इतिहास चुकीचा वाचतो.

१९/
आता पुन्हा २०१९. तेव्हा बीसीसीआयचा कारभार सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली प्रशासक समिती पाहत होती. विनोद राय आणि माजी कर्णधार डायना एडल्जी हे तिचे सदस्य. कार्यक्रम ६ जानेवारीला प्रसारित झाला, ११ जानेवारीला निलंबन झाले. मात्र चौकशी करणारा लोकपालच नेमलेला नव्हता. शिक्षा सुरू, सुनावणीचा पत्ता नाही. अखेर २४ जानेवारीला चौकशीच्या अधीन राहून निलंबन उठले. मधल्या काळात मुंबईच्या खार जिमखान्याने पांड्यांचे मानद सदस्यत्वही रद्द केले.

२०/
नंतर निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन लोकपाल झाले. त्यांनी दोघांचे म्हणणे ऐकून एप्रिलमध्ये निर्णय दिला: प्रत्येकी २० लाख रुपये. त्यातील १० लाख कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या निमलष्करी दलांतील दहा जवानांच्या कुटुंबीयांसाठी आणि १० लाख अंध क्रिकेटपटूंसाठीच्या निधीत. बोलणे निंद्यच होते, पण निकाल रागावलेल्या पदाधिकाऱ्याने दिलेला नव्हता. १९७४ आणि १९८८ च्या तुलनेत ही प्रगती मान्य करावी लागते. सुनावणीआधीच दौरा हातचा गेला, ही त्रुटीही नोंदवावी लागते.

२१/
एका शतकात दोन जिमखाने आपल्यापुढे येतात. १९२० मध्ये जिमखाना चुकला होता आणि खेळाडूंनी ते बोलून दाखवले. २०१९ मध्ये खेळाडू चुकले होते आणि जिमखान्याने हात झटकले. शिस्तीचे कलम या दोहोंत भेद करत नाही. ते फक्त ‘प्रतिमा’ पाहते. पालवणकर बंधूंनी आजच्या नमुन्याच्या करारावर सही केली असती, तर त्यांच्यावर कारवाई झाली असती आणि कदाचित विठ्ठल यांचे १९२३ कधी उजाडलेच नसते.

२२/
हा प्रश्न केवळ तारांकितांचा नाही. परभणी, सेलू वा गंगाखेडच्या मैदानावरून पुढे जाणारा मुलगा किंवा मुलगी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येते. मुंबई आणि विदर्भाच्या संघटना वेगळ्या आहेत. संधीच्या आनंदात नोंदणीच्या कागदावर सही होते आणि शिस्तीचा मजकूर न वाचताच पान उलटले जाते. तो वाचावा. आपण काय बोलू शकतो याबरोबरच, आपल्यावर आरोप झाला तर आपले कोण ऐकेल, हेही त्यात शोधावे.

२३/
यापुढे अशी बातमी आली की चार प्रश्न विचारून पाहा. खेळाडू कशाविषयी बोलला: अन्यायाविषयी, की कोणाला हिणवण्यासाठी? निर्णय कोणी दिला: ज्याच्यावर टीका झाली त्याने, की तिसऱ्याने? शिक्षेआधी त्याचे म्हणणे ऐकले का? आणि शिक्षा अपराधाच्या प्रमाणात आहे का? १९२० च्या त्या निवेदनाला हे चारही प्रश्न लावा. शंभर वर्षांनंतरही उत्तर पालवणकर बंधूंच्या बाजूने येते.

धागा समाप्त. मराठवाड्यातील जुन्या क्रिकेट क्लबांची कागदपत्रे वा छायाचित्रे कोणाच्या संग्रही असल्यास त्याविषयी खाली जरूर लिहावे.