जादूचा लोटा भंगारात देऊ नका

पितळ भंगारात किलोवर जातं. ताटं, तांबे, घंगाळं यांच्याबरोबर कधीकधी एक विचित्र लोटाही जातो. आकाराच्या मानाने जड, पोट मोठं, पण पाणी मात्र कमीच मावतं. भंगारवाल्याला वाटतं, भांड्यात खोट आहे. जगभरचे जादूगार त्याच भांड्याच्या खेळाला ‘वॉटर ऑफ इंडिया’ म्हणतात.

मी असं जुनं जादूचं सामान गोळा करतो आणि शाळांत, गणेशोत्सवात त्याचेच प्रयोग करतो. माझा लोटा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. आत डाख सुटला होता, तो तांबट आळीत लावून घेतला. प्लास्टिकचे नवे लोटे मिळतात हो, पण बादलीत पाणी ओतल्यावर पितळेचा जो आवाज येतो, तो मागच्या बाकापर्यंत पोचतो. अर्धी जादू त्या आवाजात असते.

आता त्याचं गुपित. (जादूगार मित्रांनो, रागावू नका, हे पुस्तकांतून कितीदा छापून झालंय.) लोट्याच्या आत दुसरा लोटा असतो. दोघांच्या मधल्या पोकळीत पाणी. आतल्या भांड्याच्या तळाशी एक बारीक भोक, आणि बाहेर गळ्याशी हवेचं दुसरं. गळ्याचं भोक अंगठ्याने दाबलं की पोकळीत हवा जात नाही, त्यामुळे पाणी आत अडकून राहतं. लोटा उपडा करून रिकामा दाखवायचा, खाली ठेवताना अंगठा काढायचा. दोन गप्पा मारेपर्यंत लोटा पुन्हा भरतो. दर वेळी पाणी थोडं कमी येतं, म्हणून कधी थांबायचं हे कळलं पाहिजे. बस्स, इतकंच.

पण हाच लोटा एखाद्या बाबाच्या हातात द्या. तोच अंगठा, तेच भोक, आणि वर ‘अक्षय पात्र आहे, देवीची कृपा’ एवढं एक वाक्य. लोट्यात काहीच बदललं नाही. बदलला तो दावा. जुन्या जादूच्या सामानाचा इतिहास वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

१८५६ सालची गोष्ट घ्या. फ्रेंच सरकारने रॉबेर-उदँ या नामांकित जादूगाराला अल्जीरियात पाठवलं. तिथले मराबूत, म्हणजे आपल्याकडच्या पीर-फकिरांसारखे लोक, चमत्कार दाखवून जनतेला फ्रेंचांविरुद्ध उठवतात, असं सरकारचं म्हणणं होतं. रॉबेर-उदँकडे एक छोटी पेटी होती. तळाला लोखंड, रंगमंचाखाली विद्युतचुंबक. पॅरिसमध्ये ती पेटी ‘आता हलकी, आता जड’ अशी गंमत होती. अल्जिअर्समध्ये त्याने एका धट्ट्याकट्ट्या माणसाला पुढे बोलावलं आणि सांगितलं, ‘मी तुझी ताकद काढून घेतो.’ त्या माणसाला पेटी हलेना. वर मुठीतून विजेचा झटका बसला, तो वेगळाच. पुढे दुभाष्यांकरवी लोकांना सांगण्यात आलं की ही निव्वळ हातचलाखी होती. मला हा प्रसंग कधीच निखळ कौतुकाने सांगता येत नाही. अंधश्रद्धा घालवायचं नाव, आणि खाली परकी सत्ता पक्की करायचं काम. पेटी बिचारी तीच!

इंग्लंडमधली गोष्ट जास्त सरळ आहे. अमेरिकेचे डेव्हनपोर्ट बंधू स्वतःला कपाटात बांधून घ्यायचे, दारं लावली की आतून वाद्यं वाजायची. आत्मे येतात, असं लोकांना वाटायचं. १८६५ मध्ये चेल्टनहॅमला जॉन मास्केलाइन या तरुण घड्याळजीला एका फटीतून आतला प्रकार दिसला. त्याने मित्राला घेऊन स्वतःचं तसंच कपाट बनवलं आणि आत्म्यांशिवाय तोच खेळ करून दाखवला. तिथून त्याची जादूगार म्हणून कारकीर्द सुरू झाली. त्याचा पत्ते खेळणारा यांत्रिक पुतळा ‘सायको’ लंडनच्या शहर-संग्रहालयाने जपलाय.

आपल्याकडे काय? दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी जादूचे प्रयोग करत, नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून. पुण्यात रघुवीर, विजय रघुवीर, जितेंद्र रघुवीर अशा तीन पिढ्यांनी रंगमंच गाजवला. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी जिभेवर कापूर जाळून, पाण्याने दिवा पेटवून गावोगाव दाखवलं की यात दैवी काही नाही. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. तो कायदा कथित चमत्काराने लुबाडणाऱ्याला पकडतो, खेळ म्हणून खेळ दाखवणाऱ्याला नाही. हा फरक कायद्यालाही समजला, याचं मला बरं वाटतं.

दुसऱ्या एका कायद्याला मात्र तो समजलेला नाही. लोटा, वाट्या, गोळ्या, टोपली हे सगळं मुळात रस्त्यावर खेळ करणाऱ्यांचं सामान. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात भिकेची व्याख्या वाचा. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं अशा निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणं किंवा घेणंही त्यात भीक ठरतं. पहिल्यांदा दोषी ठरलात तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. म्हणजे मी सभागृहात तिकीट लावून लोटा ओतला तर कलावंत, आणि ज्यांच्या कलेतून तो माझ्यापर्यंत आला, त्यांनी चौकात ओतला तर भिकारी. पोराने आपल्या बापाची झोळी पुढे का चालवावी? मग ती झोळी भंगारात जाते.

दिनकर केळकरांनी लोकांच्या घरातले अडकित्ते आणि दिवे जमवले, म्हणून आज ते काचेमागे बघायला मिळतात. जादूचं सामान जमवणारा त्याहून पेचात असतो, कारण ते नुसतं काचेमागे ठेवलं तर कळतच नाही. लोट्यातून पाणी आलं पाहिजे. शाळेत मी आधी ‘अक्षय पात्र’ म्हणून तो ओततो. मग मुलांच्या हातात देतो आणि भोक शोधायला लावतो. शोधणाऱ्या पोराचा अंगठा बरोबर तिथे बसतो आणि ते ओरडतं.

तुमच्या घरी माळ्यावर असा लोटा असेल तर ओळख सोपी आहे. पाणी भरा, ओता, मग कानाशी धरून हलवा. रिकाम्या लोट्यात पाणी खळखळलं तर गळ्याभोवती बोट फिरवून भोक बघा. राख किंवा मेण अडकलेलं असेल तर सुईने कोरू नका, कोमट पाण्यात ठेवा. चिंचेने घासायचं तर बाहेरूनच घासा. आणि कुणाचा होता ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून लिहून ठेवा.