कोव्हिड-१९ साथीतील रोहिंग्या निर्वासितांचे मानसिक आरोग्य

कोव्हिड-१९ साथीतील रोहिंग्या निर्वासितांचे मानसिक आरोग्य हा सार्वजनिक आरोग्य व मानवतावादी साहाय्य या क्षेत्रांतील एक अभ्यासविषय आहे. बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्याच्या छावण्यांत २०२० व २०२१ या वर्षांत निर्वासितांवर आलेला मानसिक ताण, त्याची कारणे आणि त्यावरील उपाययोजना यांचा त्यात समावेश होतो. हा ताण केवळ विषाणूच्या भीतीतून निर्माण झालेला नव्हता. संसर्ग रोखण्यासाठी घातलेल्या निर्बंधांमुळे निर्वासितांचे दैनंदिन आधार तुटले, हेही त्याचे महत्त्वाचे कारण होते.

पार्श्वभूमी

रोहिंग्या हा म्यानमारच्या राखाइन राज्यातील प्रामुख्याने मुस्लिम समाज आहे. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्यामुळे या समाजातील बहुसंख्य लोक राज्यविहीन ठरले. २५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या लष्करी कारवाईमुळे ७ लाखांहून अधिक रोहिंग्यांनी बांगलादेशात आश्रय घेतला. २०२० मध्ये उखिया व टेकनाफ या उपजिल्ह्यांतील ३४ छावण्यांत सुमारे ८ लाख ६० हजार निर्वासित राहत होते. त्यांपैकी कुतुपालोंग-बालुखाली हा जगातील सर्वांत मोठा निर्वासित छावणीसमूह मानला जातो. बांगलादेशाने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही. त्यामुळे छावणीबाहेर ये-जा करणे, नोकरी आणि औपचारिक शिक्षण यांवर साथीपूर्वीही कडक मर्यादा होत्या.

साथीपूर्व स्थिती

हिंसाचार, आप्तांचा मृत्यू व विस्थापन यांमुळे या समाजात नैराश्य, चिंता आणि आघातोत्तर तणाव विकार यांची लक्षणे मोठ्या प्रमाणावर आढळत होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बांगलादेशातील नोंदणीकृत छावण्यांतील १४८ प्रौढांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी ३६ टक्के व्यक्तींमध्ये आघातोत्तर तणाव विकाराची, तर ८९ टक्के व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. ही पाहणी २०१७ च्या मोठ्या स्थलांतरापूर्वीची होती. अन्नटंचाई, संचारबंदी व असुरक्षितता यांसारखे रोजचे ताण भूतकाळातील आघाताचा परिणाम अधिक तीव्र करतात, हा तिचा महत्त्वाचा निष्कर्ष होता.

रोहिंग्या भाषेत मानसिक त्रास बहुधा शारीरिक किंवा भावनिक शब्दांत व्यक्त होतो. ‘अशांती’, ‘चिंता लागेर’ (काळजी लागून राहणे) व ‘गा-बिष’ (अंग दुखणे) हे त्यांतील काही शब्दप्रयोग आहेत. मानसिक आजाराशी निगडित कलंकामुळे अनेक जण उपचार घेणे टाळतात.

साथीच्या काळातील ताण

बांगलादेशात ८ मार्च २०२० रोजी पहिल्या रुग्णांची नोंद झाली. ८ एप्रिलपासून छावण्यांत केवळ अत्यावश्यक सेवांना परवानगी देण्यात आली व मदत कर्मचाऱ्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटवण्यात आली. मुलांची अध्ययन केंद्रे आणि स्त्रियांसाठीच्या अनेक सुविधा बंद झाल्या. छावणीतील पहिला रुग्ण १४ मे २०२० रोजी आढळला. म्हणजेच रुग्ण आढळण्यापूर्वी महिनाभर निर्वासित निर्बंधांखाली होते.

ताडपत्री व बांबूच्या एका खोलीत संपूर्ण कुटुंब राहत असल्याने शारीरिक अंतर राखणे जवळजवळ अशक्य होते. छोटे व्यवसाय व रोजंदारी थांबल्याने अन्नवाटपावरील अवलंबित्व वाढले.

याच काळात घडलेल्या इतर घटनांनी असुरक्षिततेत भर घातली. एप्रिल २०२० मध्ये मलेशियाने प्रवेश नाकारल्याने सुमारे दोन महिने समुद्रात अडकलेल्या नौकेतून जवळपास ४०० रोहिंग्यांची बांगलादेशाच्या तटरक्षक दलाने सुटका केली. डिसेंबर २०२० पासून काही निर्वासितांना बंगालच्या उपसागरातील भासान चर या बेटावर हलवण्यास प्रारंभ झाला. २२ मार्च २०२१ रोजी लागलेल्या आगीत किमान ११ जणांचा मृत्यू झाला व सुमारे ४५,००० लोक पुन्हा बेघर झाले.

माहितीचा अभाव व अफवा

सप्टेंबर २०१९ पासून छावण्यांतील मोबाइल इंटरनेट मर्यादित करण्यात आले होते. ते ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पूर्ववत झाले. परिणामी साथीचे पहिले महिने विश्वसनीय माहितीविना गेले आणि परदेशातील नातेवाइकांशी संपर्कही तुटला. बाधित व्यक्तींना ठार मारले जाते किंवा कायमचे दूर नेले जाते, अशा अफवा पसरल्या. म्यानमारमधील छळाचा अनुभव असलेल्या लोकांना त्या खऱ्या वाटल्या. त्यामुळे अनेकांनी ताप लपवला व चाचणी टाळली.

स्त्रिया व मुले

‘शांती खाना’ या नावाने ओळखली जाणारी स्त्रियांसाठीची केंद्रे समुपदेशनाबरोबरच भेटीगाठींचे सुरक्षित ठिकाण होती. अशा ठिकाणांवरील निर्बंधांमुळे घरगुती हिंसाचार सहन करणाऱ्या स्त्रियांना मदत मागणे कठीण झाले. मुलांची अध्ययन केंद्रे सुमारे दीड वर्ष बंद राहिली. त्यामुळे त्यांच्या दिनक्रमाचा व खेळाचा आधार गेला आणि बालविवाह व बालमजुरीचा धोका वाढला.

उपाययोजना

आंतर-संस्था स्थायी समितीच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनोसामाजिक साहाय्याचे चार स्तर मानले जातात. मूलभूत गरजा व सुरक्षितता हा पाया असून त्यावर कुटुंब व समाजाचा आधार, बिगर-तज्ज्ञांचे लक्ष्यित साहाय्य आणि विशेष उपचार हे स्तर येतात. समितीने २०२० च्या सुरुवातीस साथीसाठी स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले.

छावण्यांत दूरध्वनीद्वारे समुपदेशन सुरू झाले. बाहेरील कर्मचाऱ्यांचा प्रवेश मर्यादित असल्याने प्रशिक्षित रोहिंग्या स्वयंसेवकांवर कामाचा मोठा भार आला. निर्वासितांत निरक्षरतेचे प्रमाण मोठे असल्याने ध्वनिवर्धक, ध्वनिमुद्रित संदेश व इमाम यांच्यामार्फत माहिती पोहोचवण्यात आली. तथापि, अनेक स्त्रियांकडे स्वतःचा फोन नव्हता आणि एका खोलीच्या घरात खाजगीपणे बोलणे शक्य नव्हते. छावण्यांतील लसीकरणास १० ऑगस्ट २०२१ रोजी ५५ वर्षांवरील व्यक्तींपासून प्रारंभ झाला.

व्यापक संदर्भ

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील सर्वेक्षणात ३०,००० हून अधिक निर्वासित व स्थलांतरितांनी भाग घेतला. निम्म्याहून अधिक प्रतिसादकांनी साथीमुळे नैराश्य, भीती, चिंता व एकाकीपणा वाढल्याचे सांगितले. हे सर्वेक्षण ऑनलाइन असल्याने इंटरनेटपासून वंचित असलेल्यांचे अनुभव त्यात पुरेसे उमटणे कठीण होते.

छावण्यांत नोंदवलेले कोव्हिड-मृत्यू सुरुवातीच्या अंदाजांपेक्षा बरेच कमी राहिले. मात्र चाचण्यांचे प्रमाणही कमी होते. मृत्युसंख्येवरून साथीचा मानसिक परिणाम मोजता येत नाही. त्यामुळे शिक्षण, सुरक्षित भेटीची ठिकाणे व संपर्कसाधने यांना आणीबाणीत अत्यावश्यक सेवा मानावे की नाही, हा प्रश्न या अनुभवातून पुढे आला.