तीन हजारांचा परवाना आणि नागपूरची चौथाई

१/ सन १७१७. मुघल बादशहा फर्रुखसियर याने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीस फर्मान दिले : वर्षाला ३,००० रुपये भरावेत आणि बंगालमधील आयात-निर्यातीवर जकात देऊ नये. या परवान्याची झळ पुढे नागपूरकर भोसल्यांना कशी लागली, त्याची ही हकीगत.

२/ रक्कम जुनीच होती. बंगालचा सुभेदार शाह शुजा याने १६५१ मध्ये तेवढ्याच पैशांवर सवलत दिली होती. परंतु सुभेदार बदलला की वाद उभा राही. म्हणून कंपनीला बादशाही शिक्का हवा होता. त्यासाठी जॉन सर्मन याचे शिष्टमंडळ दिल्लीस गेले. त्यातील शल्यवैद्य हॅमिल्टन याने बादशहाला दुखण्यातून बरे केले होते.

३/ येथे रायगड आठवावा. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांशी झालेल्या तहात इंग्रजांनी मालावर अडीच टक्के जकात मान्य केली होती. टक्केवारीत व्यापार वाढला की राज्याचे उत्पन्नही वाढते. ठोक रकमेत व्यापार दसपट झाला, तरी सरकारच्या पदरी तेच ३,००० रुपये.

४/ दुसरी गोम ‘दस्तक’ या कागदात होती. कलकत्त्याच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहीचे दस्तक दाखवले की नाक्यावर माल सुटे. सवलत कंपनीच्या मालासाठी होती. पण कंपनीचे नोकर खाजगी व्यापारही त्याच कागदावर करीत आणि देशी व्यापाऱ्यांना दस्तक विकतही असत.

५/ याच बंगालवर रघूजी भोसले यांची दृष्टी होती. १७४२ मध्ये त्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरले. त्या धास्तीने कलकत्त्याभोवती खंदक खणण्यात आला. तो ‘मराठा डिच’ म्हणून प्रसिद्ध आहे. १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने भास्कररामांना भेटीस बोलावून दगाफटक्याने मारले. स्वाऱ्या तरीही थांबल्या नाहीत.

६/ १७५१ मध्ये तह झाला. नवाबाने नागपूरकरांना वर्षाला १२ लाख रुपये चौथाई देण्याचे कबूल केले आणि ओरिसाचे उत्पन्नही सोडले. १२ लाख म्हणजे इंग्रजांच्या वार्षिक रकमेच्या ४०० पट. नवाबाचा खर्च वाढला, पण समुद्रपार जाणाऱ्या इंग्रजी व्यापाराला त्याची जकात लागू नव्हती.

७/ दस्तकांचा गैरवापर ही सिराजउद्दौल्याची १७५६ मधील एक मुख्य तक्रार होती. २३ जून १७५७ रोजी प्लासीला त्याचा पराभव झाला.

८/ नंतरच्या काळात नवाब झालेल्या मीर कासीमने तडजोड करून पाहिली : इंग्रजांच्या खाजगी व्यापारावर ९ टक्के. गव्हर्नर व्हॅन्सिटार्टने ती मान्य केली, कलकत्त्याच्या कौन्सिलने फेटाळली. तेव्हा १७६३ मध्ये नवाबाने सर्वांचीच जकात माफ केली. देशी व्यापारी बरोबरीत आले, हेच इंग्रजांना खुपले. युद्ध पेटले, २२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सारला नवाबाची बाजू हरली.

९/ १२ ऑगस्ट १७६५ रोजी कंपनीस बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी मिळाली. काल परवान्याचे पैसे भरणारा आज स्वतःच वसूल करू लागला. नागपूरकर जानोजी भोसल्यांनी चौथाई मागितली, तेव्हा कंपनीने बदल्यात ओरिसा मागितला. सौदा जमला नाही आणि चौथाई थकतच राहिली.

१०/ १८०३ मध्ये अडगाव येथे भोसल्यांचा पराभव झाला, गाविलगड पडला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने बालासोरसह कटक प्रांत कंपनीकडे गेला. ज्या किनाऱ्यावर इंग्रजांनी १७ व्या शतकात वखार थाटली, तो नागपूरच्या हातून सुटला.

११/ नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले.

१२/ केवळ ३,००० रुपयांमुळे राज्ये बुडाली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. फौज, कर्ज आणि दरबारातील फितुरी यांचाही वाटा मोठा होता. तथापि त्या फर्मानात दोन गोष्टी राहून गेल्या : व्यापाराबरोबर वाढणारा दर आणि माल खरोखर कोणाचा हे तपासण्याचा अधिकार. मीर कासीमने दोन्ही मिळवू पाहिल्या, तोवर ४५ वर्षे उलटून गेली होती.